विमानाच्या कातडीवरचं गोंदण

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेपुढे एक प्रश्न उभा राहिला. एवढ्या विमानांचं आता करायचं काय? युद्धात हजारोंनी बांधलेली बॉम्बफेकी आणि लढाऊ विमानं परत आली होती, आणि शांततेच्या काळात त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. अ‍ॅरिझोनातल्या किंगमनच्या एकट्या मैदानावर साडेपाच हजारांच्या आसपास विमानं रांगेत उभी होती. आर्कान्सासमधल्या वॉलनट रिज इथं तशीच हजारो. इंजिनं उतरवायची, पंख कापायचे, धड भट्टीत ढकलायचं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या लाद्या विकायच्या, असं काम दिवसरात्र सुरू होतं. वॉलनट रिजच्या मोडतोडीवर देखरेख करणाऱ्या मायनट प्रॅट नावाच्या माणसाच्या लक्षात आलं की या विमानांच्या नाकांवर चित्रं आहेत. बायका, ड्रॅगन, कवट्या, लाडकी नावं. ती भट्टीत जाणार हे त्याला पाहवेना. त्यानं चित्राभोवतीचा पत्रा कुऱ्हाडीनं तोडून काढायला लावला. असे तीसहून अधिक तुकडे वाचले. कडा वेड्यावाकड्या, पत्रा दुमडलेला, रंगाला तडे गेलेले. पुढे ते टेक्सासमधल्या, जुनी विमानं जपणाऱ्या एका संस्थेकडे आले.

आज जगभरातले लोक दंडावर, पाठीवर, पोटरीवर जुनी लष्करी विमानं गोंदवून घेतात, तेव्हा मला हे तोडलेले पत्रे आठवतात. विमानाच्या बाहेरच्या पत्र्याला अभियंते ‘स्किन’ म्हणतात, म्हणजे कातडीच. त्या काळच्या विमानात ती बऱ्याच ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जाड असे. माणसाच्या अंगावर गोंदताना सुई शाई सोडते तीही कातडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल. या विषयात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी : विमानाची ही चित्रं माणसाच्या अंगावर आत्ता आली, पण त्यांचा जन्मच गोंदण म्हणून झाला होता. आधी ती विमानाच्या कातडीवर होती, इतकंच.

गोंदण आपल्याला नवीन नाही. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके होते, मनगटावर तुळस होती. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती सांगायची. ही समजूत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांची आहे. आपलं म्हणून काहीतरी मरणाच्या पलीकडे न्यायचं आणि त्याचबरोबर अंगावर एक राखण ठेवायची, या दोन इच्छा तिच्यात आहेत. विमानावर चित्र काढणाऱ्या पोरांच्या मनातही याच दोन इच्छा होत्या. दर्यावर्दी पिढ्यान् पिढ्या अंगावर गोंदवून घेत आले होते. नितंबांवर जहाजाचे दोन पंखे काढले की बुडताना ते किनाऱ्याकडे ढकलत नेतात, अशीही त्यांची समजूत होती. वैमानिकाला मात्र वेगळं अंग मिळालं होतं. तो जगला तर विमानासकट, आणि गेला तर बहुधा विमानासकटच. म्हणून त्यानं आपलं गोंदण विमानावर काढलं.

सुरुवात पहिल्या महायुद्धातली. तेव्हा विमानाची कातडी कापडाची होती आणि तिच्यावर ब्रश सहज चालायचा. फ्रान्सचा शार्ल नंजेसेर हा 43 विमानं पाडणारा वैमानिक. त्याच्या विमानाच्या धडावर काळं हृदय होतं, त्या हृदयात कवटी आणि दोन हाडं, वर शवपेटी आणि दोन्ही बाजूंना पेटत्या मेणबत्त्या. एखाद्या गोंदणाऱ्याच्या वहीतून उचललेलं वाटावं असं चित्र. मृत्यूची सगळी सामग्री स्वतःच मांडून ठेवली की मृत्यूजवळ नवीन काही उरत नाही, असा काहीसा विचार त्यामागे असावा. युद्धातून तो कितीतरी जखमांसह वाचला. मग 8 मे 1927 रोजी सोबती कोलीबरोबर पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाला आणि अटलांटिकवर कुठंतरी कायमचा नाहीसा झाला. त्या पांढऱ्या विमानावरही तेच काळं हृदय होतं. अमेरिकेच्या लिंडबर्गनं उलट्या दिशेनं अटलांटिक ओलांडला तो यानंतर दोन आठवड्यांच्या आत.

दुसरं चित्र साऱ्या जगाला माहीत आहे, फक्त ते विमानाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इटलीचा फ्रांचेस्को बाराक्का मूळचा घोडदळातला. विमानावर आला तेव्हा त्यानं धडावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा रंगवला. 34 विमानं पाडून तो जून 1918 मध्ये मारला गेला. पुढे 1923 मध्ये त्याच्या आईनं, काउंटेस पाओलीनानं, एका तरुण मोटारशर्यतपटूला सांगितलं, माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाडीवर लाव, शुभ ठरेल. तो तरुण म्हणजे एंझो फेरारी. त्यानं घोड्यामागे आपल्या मोदेना गावाचा पिवळा रंग घातला आणि 1932 पासून तो शर्यतीच्या गाड्यांवर आला. आज मुंबईत कोणी मनगटावर फेरारीचा घोडा गोंदवून घेतो तेव्हा तो एका लढाऊ विमानाचंच चिन्ह अंगावर घेत असतो. एका आईनं मेलेल्या मुलाची खूण दुसऱ्याच्या हवाली केली, ही त्या घोड्यामागची खरी गोष्ट आहे. गाडीच्या वेगापेक्षा ती मला मोठी वाटते.

पहिल्या महायुद्धानं आणखी एक आकृती दिली : एकात एक वर्तुळं. फ्रेंचांनी आपल्या क्रांतीच्या फितीवरून निळा-पांढरा-लाल गोल घेतला. ब्रिटिशांनी आधी विमानावर युनियन जॅक रंगवून पाहिला, पण दुरून तो जर्मनांच्या क्रॉससारखा दिसे आणि आपलेच सैनिक आपल्याच विमानावर गोळ्या झाडत. मग त्यांनी फ्रेंचांचाच गोल रंग उलटे करून वापरला. पाव शतकानंतर हीच अडचण आशियात पुन्हा आली. जपानी विमानांवर लाल सूर्य होता, तेव्हा मधला लाल ठिपका जीवघेणा ठरू लागला. अमेरिकेनं 1942 मध्ये आपल्या ताऱ्यामधला लाल ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांवर निळ्याच्या दोन छटांचा गोल आला. स्वातंत्र्यानंतर आपल्या विमानांवर काही काळ निळं अशोकचक्र होतं, आणि 1950 पासून केशरी-पांढरा-हिरवा गोल आहे. ब्रिटनमधल्या पोरांनी 1960 च्या दशकात हवाई दलाचा गोल कपड्यांवर आणि गाण्याच्या मैफलींत नेला. त्यामुळे आज तो अंगावर असलेल्या माणसाला विमान आठवत असेलच असं नाही.

शार्कच्या दातांची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण विमानाच्या गोंदणांत तेच सर्वात जास्त दिसतं. लाल तोंड, पांढरे सुळे आणि वर रागीट डोळा. हे अमेरिकनांनी चीनमध्ये काढलं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर जर्मनांच्या एका तुकडीनं आपल्या दोन इंजिनांच्या मेसरश्मिट 110 विमानांवर ते आधीच रंगवलं होतं. 1941 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या 112 क्रमांकाच्या स्क्वाड्रननं ते आपल्या टॉमाहॉक विमानांवर आणलं. त्यांचं छायाचित्र एका सचित्र नियतकालिकात छापून आलं आणि तो अंक ब्रह्मदेशात तौंगूच्या तळावर पोहोचला. तिथं क्लेअर शेनॉल्ट नावाचा निवृत्त अमेरिकी अधिकारी चीनच्या बाजूनं लढायला वैमानिक तयार करत होता. ही माणसं कंत्राटावर आलेली. वैमानिकाला महिन्याला 600 डॉलर पगार आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे 500 डॉलर. विमान तेच, टॉमाहॉक. चित्र त्यांनी तिथंच उचललं.

ते चित्र एवढं बसलं याला कारण विमानाची शरीररचना आहे. टॉमाहॉकचं इंजिन द्रवानं थंड होणारं. त्याला लागणारी हवा आत घेणारं मोठं तोंड पंख्याखाली, बरोबर हनुवटीच्या जागी होतं. म्हणजे जबडा विमानाला जन्मतःच होता, रंगाऱ्यानं फक्त दात लावले. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानाचे हवा घेणारे डबे पंखांखाली असतात आणि नाक लांब, निमुळतं. त्यावर हेच दात काढले तर ते चिकटवल्यासारखे दिसतात. चांगल्या गोंदणाऱ्यालाही नेमकी हीच जाण लागते. तो चित्रासाठी जागा शोधतो तेव्हा खाली आधीपासून असलेला उंचवटा पाहतो. दंडाचा फुगवटा, पोटरीची गोलाई, खांद्याचं टोक. शार्कचं तोंड सपाट छातीवर मरतं आणि कोपराखालच्या भरीव स्नायूवर जिवंत होतं.

शेनॉल्टच्या तुकडीची पहिली लढाई 20 डिसेंबर 1941 रोजी कुनमिंगवर झाली आणि 4 जुलै 1942 रोजी ती विसर्जितही झाली. साडेसहा महिने, एवढंच तिचं लढाईतलं आयुष्य. लोकांनी तिला ‘फ्लाइंग टायगर्स’ म्हटलं आणि डिस्नेच्या चित्रकारांनी विजयाच्या ‘व्ही’ या इंग्रजी अक्षरातून झेपावणारा पंखांचा वाघ तिला काढून दिला. नाव वाघाचं, तोंड शार्कचं. या माणसांच्या जाकिटाच्या पाठीवर रेशमी कापडाचा एक तुकडाही शिवलेला असे. त्यावर चिनी झेंडा आणि चिनी लिपीत विनंती : हा परदेशी माणूस आपल्या मदतीला आला आहे, त्याला वाचवा. पडलेल्या वैमानिकाला भाषा येत नसे, त्याच्या वतीनं पाठ बोलायची. आज हा तुकडाही लोक पाठीवर जसाच्या तसा गोंदवून घेतात. मला वाटतं, विमानाच्या चित्रांपेक्षाही यात जास्त माणूस आहे.

आपल्याकडेही त्या काळी अशीच एक खूण तयार झाली होती. 1944 मध्ये बंगालात खरगपूर आणि आसपासच्या तळांवर अमेरिकेची बी-29 ही प्रचंड बॉम्बफेकी विमानं होती. जपानवर हल्ला करायचा तर आधी चीनमध्ये इंधन आणि बॉम्ब साठवावे लागत आणि ते हिमालयाच्या पूर्व टोकावरून न्यावे लागत. त्या वाटेला वैमानिक ‘हम्प’ म्हणत, म्हणजे उंटाची मदार. तेव्हा अशा प्रत्येक फेरीची नोंद म्हणून विमानाच्या नाकाजवळ एक छोटा उंट रंगवायचे. युरोपात प्रत्येक मोहिमेला एक बॉम्ब रंगवायची पद्धत होती. ब्रिटिश लँकास्टर विमानांवर इटलीवरच्या मोहिमांसाठी आइस्क्रीमचे कोन असत. ओळीनं रंगवलेले बॉम्ब, उंट, कोन पाहिले की ते कौतुकाचे शिक्के वाटतात. पण ब्रिटिश बॉम्बर कमांडमधून सुमारे सव्वा लाख माणसं उडाली आणि त्यांतली 55,573 मेली, हे लक्षात घेतलं की त्या ओळीचा अर्थ बदलतो. एक चिन्ह म्हणजे परत आलेली एक रात्र. एका लँकास्टरवर तर जर्मनीवर शत्रूचं एकही विमान येणार नाही ही जर्मन हवाई दलप्रमुख गोअरिंगची फुशारकी अक्षरशः लिहिली होती, आणि तिच्या वर बॉम्बच्या रांगांवर रांगा. ते विमान लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे.

आता बायकांची चित्रं. याबद्दल बोलणं टाळलं तर विषय अर्धा राहील. सर्वात प्रसिद्ध विमान ‘मेम्फिस बेल’, बी-17 जातीचं. तिचा वैमानिक रॉबर्ट मॉर्गन, आणि मेम्फिसची सुंदरी म्हणजे त्याची वाग्दत्त वधू मार्गारेट पोक. चित्र मात्र मार्गारेटचं नाही. ‘एस्क्वायर’ मासिकाच्या एप्रिल 1941 च्या अंकात जॉर्ज पेटीनं काढलेली पोहण्याच्या पोशाखातली मुलगी मॉर्गननं वापरली. विमानावर ती चढवली टोनी स्टार्सर नावाच्या कॉर्पोरलनं. डाव्या बाजूला निळ्या पोशाखात, उजव्या बाजूला लाल. या एका माणसानं इंग्लंडमधल्या बॅसिंगबर्नच्या तळावर शंभराहून अधिक विमानं रंगवली. गारठ्यात, वाऱ्यात, रिव्हेटांच्या डोक्यांवरून ब्रश नेत. 25 मोहिमा पुऱ्या करून मे 1943 मध्ये विमानातली माणसं सुटली. मॉर्गन आणि मार्गारेटचं लग्न मात्र झालं नाही. युद्धानंतर मेम्फिस शहरानं ते विमान अवघ्या 350 डॉलरला भंगारातून सोडवलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते उघड्यावर उन्हापावसात राहिलं. लोकांनी त्याचे भाग काढून नेले. शेवटी बारा-तेरा वर्षं दुरुस्ती होऊन मे 2018 मध्ये ते डेटनच्या संग्रहालयात नीट उभं राहिलं.

पेटी आणि व्हार्गास या चित्रकारांच्या ‘एस्क्वायर’मधल्या मुली युद्धाच्याच वर्षांत माणसांच्या अंगावरही चढत होत्या. होनोलुलूच्या हॉटेल स्ट्रीटवर नॉर्मन कॉलिन्स, म्हणजे ‘सेलर जेरी’, नाविकांना गोंदत होता. घराबाहेर, मरणाच्या सावलीत असलेल्या विशीतल्या पोरांनी बाईचं चित्र जवळ बाळगलं, हे समजण्यासारखं आहे. पण ते चित्र त्यांच्या कल्पनेतलं होतं. त्याच युद्धात विमान चालवणाऱ्या खऱ्या बायकाही होत्या. अमेरिकेच्या ‘वास्प’ दलात 1,074 जणी प्रशिक्षण पूर्ण करून उडाल्या आणि 38 जणी कामावर असताना गेल्या. त्यांचं चिन्ह होतं ‘फिफिनेला’ : पंख असलेली, उडायचा चष्मा घातलेली छोटी परी, तीही डिस्नेकडूनच आलेली. त्यांनी ती जाकिटांवर मिरवली. आज एखाद्या मुलीला जुन्या विमानाची खूण अंगावर हवी असेल, तर मी तिला पेटीच्या मुलीआधी फिफिनेला दाखवीन.

काही चित्रं अंगावर घेण्याआधी दहादा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मन विमान हुबेहूब गोंदवायचं म्हटलं की शेपटीवरचं नाझी चिन्ह येतं. आपल्या दारातला स्वस्तिक वेगळा आणि हा वेगळा, हे आपण जाणतो. पण युरोपात समुद्रकिनारी तुमची पाठ पाहणाऱ्या माणसाला ते समजावून सांगता येणार नाही, आणि त्याच्या आजोबांनी काय भोगलं ते तुम्हाला माहीत नसतं. दुसरं उदाहरण अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानांचं. हिरोशिमावर गेलेल्या ‘एनोला गे’वर चित्र नव्हतं, फक्त वैमानिकाच्या आईचं नाव होतं. नागासाकीवर गेलेल्या ‘बॉक्सकार’वर पंख लावलेला मालगाडीचा डबा आहे, आणि तो मोहिमेनंतर रंगवला गेला. दिसायला गोंडस चित्र आहे. पण ते कोणीही हौसेनं अंगावर मिरवावं असं मला वाटत नाही.

आता थोडं कातडीबद्दल, कारण विमान गोंदवून घेणाऱ्यांची फसगत इथं होते. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडतो आणि नव्यानं तयार होतो. शाई त्याखालच्या थरात राहते. तिथं रक्षक पेशी शाईचे कण गिळतात आणि धरून बसतात. फ्रेंच शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की या पेशी मरतात तेव्हा शाई बाहेर पडते आणि शेजारच्या नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. म्हणजे तुमच्या दंडावरचं विमान एका पेशीकडून दुसरीकडे सोपवलं जात जन्मभर टिकतं. पण या देवघेवीत आणि वर्षांच्या ओघात रेषा थोडी थोडी पसरते. तळहाताएवढ्या स्पिटफायरवर प्रत्येक रिव्हेट, पत्र्याचा प्रत्येक सांधा, वैमानिकाच्या काचेची प्रत्येक पट्टी हवी असा हट्ट धरला, तर पहिल्या महिन्यात ते छायाचित्रासारखं दिसेल आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचा राखाडी ढग होईल. अनुभवी कलाकार म्हणूनच बाह्यरेषा ठसठशीत ठेवतो, मध्ये मोकळी कातडी राखतो आणि चित्र मोठं करायला सांगतो. विमान ओळखायला रिव्हेट लागत नाहीत. स्पिटफायरला त्याच्या पंखांची लंबवर्तुळाकार कड पुरते. 1936 मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हापासून पोरं त्याला आकाशात याच कडेवरून ओळखत आली. नॉर्मंडीच्या चढाईसाठी जून 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे घाईघाईनं मारले होते, ते आपल्याच तोफांनी विमान पाडू नये म्हणून. दुरून, क्षणात ओळखू यावेत यासाठीच ते काढले होते, म्हणून कातडीवरही चांगले टिकतात.

रंगाबद्दल आपल्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे. त्वचेला रंग देणारं द्रव्य वरच्या थरात असतं आणि शाई त्याच्या खाली. सावळ्या अंगावर प्रत्येक रंग तपकिरी काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. पांढरा आणि पिवळा जवळजवळ विरतो, लाल मंदावतो (अ‍ॅलर्जीही लालच जास्त देतो), काळा आणि गडद निळा मात्र उत्तम राहतो. परदेशी चित्रांत पाहिलेला पिवळ्या कडेचा ब्रिटिश गोल इथं म्हणूनच निराश करतो. त्याऐवजी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा दोन निळ्यांचा गोल घ्यावा. आपल्या वैमानिकांनी तो खरोखर वापरला, आणि आपल्या कातडीला तो शोभतोही.

शिवाय आपल्याकडे गोंदवून घ्यावीत अशी विमानं कमी नाहीत. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनला श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटा विमानांपैकी एकाचा क्रमांक होता व्हीपी 905. 2018 मध्ये हवाई दलाला भेट मिळालेल्या ‘परशुराम’ या जुन्या डाकोटाला तोच क्रमांक आदरानं दिला आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग-21 बांधली गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये ती कायमची निवृत्त झाली. तिचे त्रिकोणी पंख आणि नळीसारखं नाक दोन रेषांत उतरतं. ओझरला जन्मभर रिव्हेट मारलेल्या माणसाच्या नातवानं ते हातावर घेतलं, तर त्याला परक्या देशाचा शार्क शोधायची गरज नाही.

आणि एक विमान असं आहे की त्याची गोष्ट ऐकून गोंदणाऱ्यांनाही आपला धंदा आठवेल. 1944 मध्ये टेक्सासमध्ये बांधलेलं एक बी-24 लिबरेटर ब्रिटिशांकडे गेलं, आशियात लढलं आणि युद्धानंतर कानपूरला टाकून दिलं गेलं. तिथं पडलेली लिबरेटर पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस केली होती. तरी एचएएल या विमान कारखान्याच्या लोकांनी त्यांतली चाळीसेक विमानं जेमतेम उडण्याजोगी केली आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकानं ती बंगळूरला नेली. त्यांतून भारतीय हवाई दलाला जड बॉम्बफेकी स्क्वाड्रन मिळाल्या, त्या पुण्याच्या लोहगाव तळावरही होत्या, आणि 1968 पर्यंत ही विमानं उडत राहिली. आपलं ते विमान 1980 च्या दशकात आधी ब्रिटनला आणि मग अमेरिकेला गेलं. तिथं दुरुस्त होऊन 1989 मध्ये त्याच्या अंगावर पहिलं नाव चढलं, ‘ऑल अमेरिकन’. 1998 मध्ये ते पुसून धडाच्या टोकापासून शेपटीपर्यंत पसरलेला ड्रॅगन काढला, प्रशांत महासागरावर लढलेल्या दुसऱ्या एका लिबरेटरचा. 2005 मध्ये तोही झाकून झाडूवर बसलेली चेटकीण आली, ‘विचक्राफ्ट’. गोंदणाऱ्यांच्या भाषेत हे दोनदा केलेलं कव्हर-अप. प्रत्येक वेळी ते विमान वेगळ्या माणसांची आठवण अंगावर वागवत होतं. त्याची स्वतःची भारतातली वर्षं मात्र त्या नाकावर कधी आली नाहीत.

वयाच्या विशीत असलेल्या वाचकाला एक सांगायला हवं. हवाई दलात जायचं मनात असेल तर सुईखाली बसण्याआधी भरतीची जाहिरात वाच. कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवरच चालतं. आदिवासींना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. विमानाच्या प्रेमानं पाठभर काढलेलं विमानच विमानात बसू देणार नाही, असं होऊ नये.

आणि कुठलंही विमान घेणार असाल, तरी नुसती जात सांगून थांबू नका. एक नेमकं विमान निवडा, त्याचा क्रमांक शोधा. क्रमांकावरून स्क्वाड्रन सापडते, स्क्वाड्रनवरून मोहिमांच्या नोंदी सापडतात आणि त्या नोंदींत माणसांची नावं असतात. ती नावं एकदा मोठ्यानं वाचा, मग हात पुढे करा.